पारोळा ते जळगाव रोज एसटीने अप-डाऊन करतो. साडेतीन तास वाया जातात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यात बसेल का?

मी एसटीवाला नाही, रेल्वेवाला. पाचोरा-जळगाव, नववं वर्ष, खिशात एमएसटीचा, म्हणजे रेल्वेचा महिन्याचा पास. रुळावरचं अंतर ४७ किलोमीटर, पण घराच्या दारापासून बँकेतल्या खुर्चीपर्यंत धरलं तर जाताना पावणेदोन तास आणि येताना दोन. म्हणजे तुमच्यासारखंच, फक्त तुमच्या नशिबी हायवेचे धक्के.

आधी त्या साडेतीन तासांतून वजाबाकी करा. स्टॅंडवर थांबणं, धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकणं, सुट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत, जळगावात उतरून रिक्षा शोधणं. हे सगळं गेल्यावर हाताशी राहतो तो सकाळचा तासभर. बस्स. साडेतीन तासांचं वेळापत्रक आखाल तर आठवडाभरात फाडून टाकाल. मी टाकलंय. पहिल्या वर्षी जाडजूड पुस्तक घेऊन चढायचो. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात पुस्तक, पान उलटायला तिसरा हात कुठून आणणार? इंग्रजी बोलायला शिकवणारं अ‍ॅपही घेतलं होतं. ते नऊ दिवस चाललं. माहिजीच्या आसपास रेंज गेली की त्यातली बाई अर्ध्या वाक्यात गप्प व्हायची आणि समोरचे काका माझ्याकडे बघून हसायचे.

मग एक गोष्ट ध्यानात आली. गाडीत नवं काही डोक्यात शिरत नाही, पण आधी शिरलेलं पक्कं मात्र होतं. नवा धडा रात्री घरी वाचायचा, गाडीत फक्त उजळणी. पाचोरा सुटलं की परधाडे, माहिजी, म्हसावद, शिरसोली आणि मग जळगाव. गाडी चालू असताना एक पान वाचायचं. स्टेशन आलं की चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या ढकलाढकलीत वाचणं तसंही होत नाही, तेव्हा पान मिटायचं आणि वाचलेलं मनातल्या मनात म्हणून बघायचं. आठवलं नाही तर पुढच्या स्टेशनापर्यंत तेच पान. बँक कर्मचाऱ्यांची जेएआयआयबीची परीक्षा मी अशी काढली. दुसऱ्या खेपेला, हेही सांगून टाकतो.

तुम्हाला मात्र वाचायला सांगणार नाही. बसमध्ये कान मेंदूला सांगतो की आपण हलतोय आणि डोळा पानाकडे बघून सांगतो की सगळं स्थिर आहे. या भांडणात मळमळ आपल्याला सोसावी लागते. म्हणून कानाने अभ्यास करा, आणि तोही स्वतःच्या आवाजात. रविवारी बसून मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करायचे. आधी प्रश्न, मग मनात पाच आकडे मोजून होईपर्यंत गप्प, मग उत्तर. "महाराष्ट्रात पंचायत राज कधी सुरू झालं?" शांतता. "१ मे १९६२." त्या पाच आकड्यांच्या शांततेतच खरा अभ्यास होतो, कारण उत्तर तुम्हाला शोधावं लागतं. नुसतं सलग व्याख्यान लावलं तर एरंडोल यायच्या आत मान लवंडते. स्वतःचा आवाज पहिले दोन दिवस भयानक वाटतो, मग सवय होते. चुकलेले प्रश्न पुढच्या रविवारी पुन्हा रेकॉर्ड करायचे, पाठ झालेले पुसून टाकायचे. मोबाईलमध्येच असल्यामुळे रेंजची कटकट नाही.

एकच कान भरा, दुसरा मोकळा ठेवा. २२ जानेवारी २०२५ ला आमच्याच मार्गावर, परधाड्याजवळ, आगीची अफवा उठली म्हणून पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्यांच्या कानात काही होतं असं नाही. पण तेव्हापासून गाडीत आणि फलाटावर दोन्ही कान बंद करायची माझी हिंमत होत नाही.

बरं, रोज अभ्यासच केला पाहिजे असंही नाही. आमच्या डब्यात मास्तर आहेत, वायरमन आहेत, वकिलाचा कारकून आहे, एक तलाठी आप्पा आहेत (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण डब्यात कोण म्हणतं!). वडील गेले तेव्हा शेतावर वारस नोंद कशी लावायची मला काडीचं माहीत नव्हतं. आप्पांनी "आठे बठ भो" म्हणून शेजारी जागा करून दिली आणि शिरसोली येईपर्यंत सगळं समजावलं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज, मग फेरफाराची नोंद, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, आणि मग सातबाऱ्यावर नावं चढतात. गावात एकाने याच कामाचे किती मागितले होते, ते इथे लिहीत नाही. बदल्यात जुलै आला की मी निम्म्या डब्याचे फॉर्म १६ बघून देतो. तुमच्या बसमध्येही रोजचे तेच चेहरे असणार. आठवड्यातला एक दिवस मोबाईल खिशात ठेवून शेजारच्याला कुठलं गाव विचारा.

बसताना मधली सीट पकडा. मागच्या चाकावरच्या आणि त्याच्याही मागच्या सीटवर कंबरेचं भरीत होतं.

आणि संध्याकाळी काही करू नका. खरंच काही नाही. गाडी भुसावळहूनच भरून येते, मेच्या ४५ अंशांत डबा तापलेला असतो, त्यात अभ्यास केला तर घरी पोचल्यावर पोरीने वही पुढे केली की मी तिच्यावर खेकसायचो. आता जागा मिळाली तर झोपतो, नाही मिळाली तर उभ्याने खिडकीबाहेरची कपाशी बघतो. फक्त झोपायचं असेल तर थरथरणारा गजर लावून मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवा. एकदा मी गजर न लावता झोपलो. डोळे उघडले तेव्हा पाटीवर नगरदेवळा लिहिलेलं होतं. परतीची गाडी दीड तासाने होती, आणि घरी फोन केला तर बायको आधी पाच मिनिटं नुसती हसत होती.