आर (R) या संगणकीय भाषेत ठरावीक ओळींतील ‘शोलापूर’चे ‘सोलापूर’ कसे करावे?

सोलापूरच्या चादर-टॉवेल विक्रीच्या तक्त्यात ‘गाव’ या स्तंभातील ‘शोलापूर’ हे जुने रूप तेवढे बदलायचे असेल, तर तक्त्याचे नाव, डॉलरचिन्ह आणि स्तंभाचे नाव लिहून, त्यापुढे चौकोनी कंसात (स्तंभाआधी पुन्हा तक्त्याचे नाव आणि डॉलरचिन्ह लिहून) ‘गाव बरोबर शोलापूर’ ही अट दोन बरोबर-चिन्हांनी द्यावी आणि डावीकडे रोखलेल्या बाणाने नवे मूल्य सोपवावे. कंसातील अट प्रत्येक ओळीसाठी खरे किंवा खोटे असे उत्तर देते आणि बदल फक्त खऱ्या ओळींत होतो. त्यामुळे एकेक ओळ तपासत जाणाऱ्या फॉर लूपची गरज उरत नाही. (एकच बरोबर-चिन्ह टाकण्याची चूक सर्रास होते.) फक्त चादरींच्या ओळी हव्या असतील, तर अँड-चिन्हाने (&) दुसरी अट जोडावी. अट खरी की खोटी यानुसार मूल्य देणाऱ्या ‘इफएल्स’ फंक्शननेही हे साधते, परंतु एका बदलासाठी मला कंसाची पद्धत अधिक स्वच्छ वाटते. मात्र स्तंभ ‘फॅक्टर’ प्रकारचा (म्हणजे ठरलेल्या मूल्यांच्या यादीतूनच, स्तरांतूनच, मूल्य घेणारा) असेल आणि ‘सोलापूर’ त्याच्या स्तरांत नसेल, तर इशारा येऊन त्या जागी ‘एनए’ (मूल्य नाही अशी खूण) बसते. म्हणून आधी ‘अ‍ॅज डॉट कॅरेक्टर’ने त्याचे मजकुरात रूपांतर करावे. आर भाषेच्या २०२० मधील ४.०.० आवृत्तीपासून मजकूर आपोआप फॅक्टर होत नाही, तरी जुन्या जतन केलेल्या फाइलींत ही अडचण येऊ शकते.