एसएसडी टाकल्यापासून वायफाय तुटतंय? मदरबोर्डआधी अँटेनाची वायर बघा

लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतं या तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकून घेतला आणि त्यानंतर नेट सारखं जायला लागलं. त्याच वायफायवर मोबाइल व्यवस्थित चालतो, आणि सर्व्हिस सेंटरवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. माझ्या लॅपटॉपचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

राउटर बंद-चालू करणं, पासवर्ड पुन्हा टाकणं हे सगळं करून झालं असेलच. आता नेमकं कुठे तुटतंय ते बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येतंय का ते पुन्हा पुन्हा बघणारी कमांड) लावून ठेवा (बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. नेट गेलं की राउटर उत्तर देतोय पण बाहेरचा पत्ता देत नाही, असं दिसलं तर दोष लाइनचा; लॅपटॉपला हात लावू नका. राउटरचंच उत्तर थांबत असेल तर गडबड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे. मग लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवा. तिथे तासभर टिकतो आणि आतल्या खोलीत नेला की तुटतो, असं असेल तर अँटेनाचा संशय घ्या.

वायफाय कार्डाला सहसा दोन बारीक वायरी असतात, बऱ्याचदा एक काळी आणि एक पांढरी. त्या स्क्रीनच्या कडेने वरपर्यंत गेलेल्या असतात आणि कार्डावर छोट्या गोल टोपणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. डिस्क बदलताना आत हात लागतो, एखादी निसटते. कार्ड विंडोजला दिसत राहतं, ड्रायव्हरही (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक दाखवतो, फक्त सिग्नल मरतो.

माझ्याकडे एसएसडी ज्यांनी टाकला त्यांच्याकडेच मी तक्रार घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. ‘सॉफ्टवेअर इश्यू’ म्हणून मशीन ठेवून घेतलं आणि मला न विचारता फॉरमॅट मारला. वडिलांच्या दुकानाचा टॅलीचा चालू वर्षाचा डेटा त्यात होता. नेट तरीही जातच राहिलं. मग म्हणाले, मदरबोर्ड गेलाय; आणि त्याचं कोटेशन असं, की त्यात तसाच दुसरा जुना लॅपटॉप आला असता. वायर बसवायला दोन मिनिटं लागतात. ती बसवली गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याने, माझ्यासमोर. वडील मात्र कित्येक रात्री बिलं घेऊन पुन्हा एंट्र्या करत बसले. त्याचा राग मला आजही आहे. म्हणून कळकळीने सांगतो, जॉब शीटवर ‘डेटाला हात लावायचा नाही’ असं लिहून घ्या आणि झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाही म्हणाले तर मशीन उचला आणि घरी या.

मी इंजिनिअर नाही, आणि तुमच्याकडे वायरच निघेल याची खात्री देता येत नाही. स्वतः उघडणार असाल तर आधी चार्जर काढा आणि आत गेल्यावर सगळ्यात पहिले बॅटरीचं कनेक्टर सोडवा. टोपण बोटाने सरळ दाबा, तिरकं नको. वॉरंटी असेल तर हे करू नका.

वायर जागेवर निघाली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा (वायफाय २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर चालतं) चॅनल ‘ऑटो’ असेल तर १, ६ किंवा ११ वर पक्का करा. काही जुन्या कार्डांना १२ आणि १३ दिसतच नाहीत. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावरच नेट जात असेल तर ती लॅपटॉपपासून लांब ठेवून बघा, तिचा अडथळा २.४ ला होतो. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं माझ्या मते अजिबात घेऊ नयेत; ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

आणि काहीच जमलं नाही तरी मदरबोर्ड नकोच. यूएसबीचा वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो. पिंगचं काय दिसलं ते आणि लॅपटॉपचं मॉडेल कळवा, म्हणजे कार्ड फक्त २.४ चं आहे की ५ चंही, ते बघून कोणता डोंगल घ्यायचा ते सांगतो.