घिरट्या, प्रदक्षिणा की परिभ्रमण?

ताई, तुम्ही विचारलंय की अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती 'घिरट्या घालतं' असं बातमीत वाचलं, सासूबाई 'प्रदक्षिणा' म्हणतात आणि मुलाच्या भूगोलात 'परिभ्रमण' आहे, तर बरोबर कुठलं.

घिरट्या मला अजिबात पटत नाही. आमच्या वर्तकनगरच्या गच्चीवर दुपारी येऊरकडून घारी येतात, गरम हवेवर पंख पसरून त्याच त्या जागेवर गोल गोल फिरतात, नजर खाली भक्ष्यावर, त्या घिरट्या. स्थानकाला असं कुठे रेंगाळता येतच नाही, ताशी साधारण २८,००० किलोमीटरने पळतं, दीड तासात एक फेरी, आणि तेवढ्यात खालची पृथ्वी फिरलेली असते म्हणून पुढची फेरी साधारण २३ अंश पश्चिमेला सरकते. शिवाय त्याला तोलून धरायला पंख नाहीत की सतत चालणारं इंजिन नाही. ४०० किलोमीटरवरही गुरुत्वाकर्षण जमिनीच्या जवळजवळ ९० टक्के असतं, म्हणजे ते कायम पडतच असतं, फक्त आडवा वेग एवढा की जितकं ते खाली येतं तितकीच खालची जमीन वळून लांब जाते.

प्रदक्षिणा शब्द मला फार आवडतो, पण त्यात 'दक्षिण' म्हणजे उजवा हात आहे, देव उजवीकडे ठेवून चालायचं. स्थानक जातं पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे उत्तर वर धरली तर पृथ्वी त्याच्या डाव्या हाताला! पण बोलताना हा अर्थ कोण एवढा धरतो, सासूबाईंना प्लीज दुरुस्त करू नका.

परिभ्रमण, म्हणजे दुसऱ्याभोवती फिरणं, एकदम नेमका. फक्त मुलाला सांगा की स्थानकाचं परिवलनही, म्हणजे स्वतःभोवती फिरणंही, होतं, एका फेरीत एकदाच. त्याला ठाण्याच्या तलावपाळीला घेऊन जा, मासुंदा तलाव डाव्या हाताला ठेवून एक राउंड मारायला लावा. तोंड चारही दिशांना फिरून परत पहिल्या दिशेला येतं, म्हणजे तो स्वतःभोवतीही एकदा फिरला, आणि डावा खांदा पूर्ण वेळ पाण्याकडेच. तशीच स्थानकाची एक बाजू कायम पृथ्वीकडे असते, म्हणून तिथल्या कुपोला नावाच्या खिडकीतून बघितलं की खाली पृथ्वीच दिसते.

बोलताना मी सरळ 'फेरी' म्हणतो, दिवसाला १५-१६ फेऱ्या. एसटीच्या फेरीसारखं हिचंही टायमिंग आधी कळतं, आम्ही तेवढ्यासाठी संध्याकाळी गच्चीवर जाऊन थांबतो, न लुकलुकता एक ठिपका सरळ जातो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मधेच विझतो.