बॉक्सला पाना लावायच्या आधी

९८ सालची मारुती जिप्सी, स्टिअरिंग चार बोटं रिकामं फिरतं, खड्डा लागला की पन्नाशीच्या स्पीडला पुढची चाकं फडफडतात आणि मेकॅनिक म्हणतोय स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) बदला, असं तुमचं एकंदर दुखणं दिसतंय. बॉक्स एवढ्यात बदलू नका. रिकामं फिरणं बॉक्सचं असू शकतं, पण फडफड सहसा बॉक्सची नसते. मला तरी या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात.

या गाडीला पुढेही पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सरळ अ‍ॅक्सल. बॉक्सपासून चाकापर्यंत मध्ये बरेच सांधे आहेत, आणि प्रत्येकाने केसभर ढिलाई दिली तरी हातात येईपर्यंत ती चार बोटं होते. स्टिअरिंगच्या कडेवर मोजलं तर १० ते ३० मिमी प्ले (रिकामं फिरणं) नव्या गाडीलाही चालतो, त्यामुळे शून्यावर आणायच्या मागे लागू नका.

आधी टायरची हवा आणि चाकांचे नट बघा. मग गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. कोणीतरी आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहायचं, जोर न करता, फक्त प्ले संपेपर्यंत. तुम्ही खाली टॉर्च घेऊन शिरा. नुसतं बघू नका, प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा. डोळ्याला न दिसणारी 'टक्' बोटाला कळते. (मागून पॉवर स्टिअरिंग बसवलेलं असेल तर हीच टेस्ट इंजिन चालू ठेवून करा. मग न्यूट्रल आणि हँडब्रेक आलाच.)

सुरुवात वरून. कॉलमच्या खालच्या शाफ्टला रबरी जॉइंट आहे, तो चिरला असेल किंवा त्याचा बोल्ट ढिला असेल तर बॉक्सवर उगाच आळ येतो. मग बॉक्सच्या आत जाणारा शाफ्ट आणि बाहेरचा पिटमॅन आर्म (बॉक्समधून निघून पुढचे दांडे हलवणारा हात) एकदम बघा. शाफ्ट फिरतोय आणि आर्म गप्प, तर बॉक्स खरंच झिजलाय. आर्म लगेच हलतोय, तर बॉक्स निर्दोष, पुढे चला. जाता जाता बॉक्सवर तळहात ठेवा. अख्खा बॉक्सच चॅसीवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा चॅसीला तडा गेलाय. जुन्या, रानात फिरलेल्या गाड्यांत हे सापडतं आणि बहुतेक जण तिथे बघतच नाहीत. पुढे ड्रॅग लिंकची (पिटमॅन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन टोकं, टाय रॉडची (पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) दोन टोकं. रबर फाटून आत माती गेली असेल तर तो एंड (टोकाचा सांधा) आज ना उद्या जाणारच.

एंड बदलताना उलटे किती आटे निघाले ते मोजून ठेवा, नवा तेवढेच आटे आत घाला, म्हणजे टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप) फार बिघडणार नाही. तरी नंतर मापून घ्याच. आणि स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालतात ती पिन) भोक जुळत नाही म्हणून नट मागे घेऊ नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. पिन नवीच.

आता फडफड. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई गायब झाली तर व्हील बेअरिंग. राहिली तर किंगपिन, आणि तुमच्या वर्णनावरून माझा कौल यालाच आहे. किंगपिनच्या प्लेटखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. बेअरिंग धड असेल तर शिम काढून ताण येतो, पण तो अंदाजाने नाही, टाय रॉड सोडवून नकल (चाकासोबत वळणारा अ‍ॅक्सलच्या टोकाचा भाग) स्प्रिंगकाट्याने ओढून मापायचा. बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडले असतील तर शिमचा उपयोग नाही, बेअरिंगच नवं घ्या. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही याच वेळी बघून घ्या.

स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक-अब्सॉर्बर) बदलून फडफड थांबली असं कोणी सांगेल. थांबतेही, काही महिने. तोवर किंगपिन आत आणखी झिजत राहतो.

बॉक्सवरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूबद्दल थोडं सविस्तर, कारण मी त्यात पोळलोय. काही वर्षांपूर्वी माझ्याही गाडीचा प्ले एकाने दोन मिनिटांत 'काढून' दिला. भोरपर्यंत गाडी झकास. वरंध घाटात पहिल्या मोठ्या वळणातून बाहेर आलो, हात सैल सोडला, आणि स्टिअरिंग सरळ यायलाच तयार नाही! अक्षरशः ओढून आणावं लागलं, डाव्या बाजूला दरी. गिअर झिजतात ते मधल्या जागी, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मधला प्ले शून्य करायला स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दाते आवळून बसतात. म्हणून स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. चाकं सरळ, स्क्रूवरचा नट सोडून जेमतेम अष्टमांश फेरा, नट परत आवळा, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठे जरा जरी अडलं तर स्क्रू मागे घ्या. बॉक्समधलं तेलही बघा, बऱ्याच जिप्सींमध्ये ते आटलेलंच असतं.

रविवारी दोघं मिळून तासाभरात होईल. पिटमॅन आर्म लगेच हलतो की उशिरा, आणि ब्रेक दाबल्यावर चाक हलतं की नाही, एवढी दोन उत्तरं कळवा. मग कुठलं सामान आणायचं ते बोलू.