कोर्स राहू द्या, आधी दोन लॅपटॉप जोडा

ताई, नमस्कार.

मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रात्री दोनपर्यंत मित्रांसाठी माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर चालवतो आणि आता 'मेटाव्हर्स'च्या, म्हणजे अनेकांनी एकत्र वावरायच्या आभासी जगाच्या, कोर्ससाठी दीड लाख मागतोय. भरावेत का, असं तुम्ही विचारलंय.

नका भरू. पण सर्व्हरही बंद करायला लावू नका. त्याचं खरं शिक्षण तिथंच चाललंय.

अशा कोर्समध्ये बहुतेक वेळ थ्रीडी देखावे करण्यात जातो. सुंदर खोली उभारणं वेगळं आणि तिथं शंभर जण एकाच वेळी वावरतील अशी सोय करणं वेगळं. प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ९९ जणांना कळवायची तर एका फेरीत ९,९०० निरोप. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला अशा २० फेऱ्या मारतो! म्हणून कोणाला काय कळवायचं नाही, हे ठरवण्यातच कस लागतो. अमेरिकी लष्कराच्या सिमनेट या रणगाड्यांच्या आभासी सरावाच्या नेटवर्कमध्ये १९८० च्या दशकातच प्रत्येक यंत्र समोरच्या रणगाड्याची जागा वेग-दिशेवरून स्वतःच ताडायचं. अंदाज चुकू लागला तरच निरोप यायचा.

दुसरी गोष्ट, चालू जगात भर घालणं. पावेल कर्टिस यांनी १९९० साली झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात सुरू केलेल्या लॅम्डामू या ऑनलाइन जगात एकही चित्र नव्हतं, नुसता मजकूर. पण लोक आत बसूनच कोड लिहून नव्या खोल्या, नव्या वस्तू जोडायचे. सर्व्हर थांबवावा लागत नसे. मग अर्थातच कोणाच्या कोडनं कोणाच्या वस्तूला हात लावायचा, याचे नियम आले. मुलाला विचारा: तुझं एक प्लगइन (सर्व्हरला जोडलेला छोटा प्रोग्राम) बिघडलं तर अख्खं जग बंद पडतं का? उत्तर देताना अडखळला, तर सुट्टीचा अभ्यास ठरला.

कोर्सऐवजी त्याला हे करू द्या: एकमेकांना जोडलेले दोन लॅपटॉप, पडद्यावर एक ठिपका. इकडे हलवला की तिकडे हलायला हवा. मग मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा उशीर घालायचा, तरी ठिपका अडखळता कामा नये. दोघांनी एकदमच ओढला तर कोणाचं ऐकायचं? यात महिना सहज जाईल. पुढे खेळ बनवायला गोडो आणि आभासी जग चालवायला ओपनसिम्युलेटर आहेतच. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला.

नोकरी 'मेटाव्हर्स' या नावाखाली शोधू नये. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं आपलं हब्ज हे आभासी भेटीगाठींचं व्यासपीठ २०२४ मध्ये बंद केलं. बॅकएंड, नेटवर्क प्रोग्रामिंग, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स या नावांनी शोधावी.

आणि जागरणाबद्दल: सर्व्हरवाला झोपला तरी सर्व्हर चालला पाहिजे, हेही शिकायचंच असतं, असं त्याला माझ्या नावानं सांगा.