जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचं मूळ शोधताय? आधी नंबर बघा

भाऊ, ही कॅम्पर (आत राहायची सोय केलेली व्हॅन) मूळची कधीची, कुठली म्हणून विचारलंत. फोटो बघितले, गाडी भारीये. संभाजीनगरात अशी कॅम्पर उभी राहिली तर टपरीवरचे लोक चहा सोडून बघायला येतील! पण रंगकामाची घाई नको. डेंटरनं पुट्टी भरली की पुरावाच गेला.

सुरुवातीला दोनच गोष्टी:

१. चेसिस नंबर. इंजिनाच्या खणात उजवीकडे ठोकलेला असतो. मळ रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. १९६५ ते १९७९ च्या मॉडेलांत पहिला आकडा २, दुसरा गाडीच्या प्रकाराचा, तिसरा मॉडेलच्या वर्षाचा शेवटचा आकडा. नंबर २३१ ने सुरू झाला तर १९७१ ची कॉम्बी, म्हणजे माणसं आणि सामान दोन्हींसाठीची खिडक्यांची व्हॅन. हे वर्ष ऑगस्टपासून धरतात, म्हणजे सप्टेंबर १९७० ला बनलेली गाडीसुद्धा १९७१ चीच.

२. पुढच्या सीटमागची पत्र्याची छोटी पट्टी. गाडी कधी बनली, कुठल्या देशासाठी बनली, ते तिच्यावर कोडमध्ये असतं. सध्या नुसता फोटो काढा, कोड नंतर लावू.

नवे लोक हमखास फसतात ते आरसी बुकात. तिथली नोंदणीची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. इंजिन नंबरवरही जाऊ नका, इंजिनं बदललेली असतात. आतलं फर्निचर तर आणखी वेगळं प्रकरण: १९५६ पासून जर्मनीतली व्हॅन बने हॅनोव्हरला, कॅम्परचं सामान बसवी वीडेनब्रुकची वेस्टफालिया ही कंपनी.

आणि व्यवहार व्हायचा असेल, तर आरसीवरचा आणि ठोकलेला नंबर जुळल्याशिवाय बयाणा देऊ नका.