आईला एसटी लागते, मग जहाजात केबिन कुठली घ्यावी?

प्रश्न : आई-आप्पांच्या लग्नाला यंदा 50 वर्षं होतात. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझवर त्यांना पाठवायचं ठरवलंय, सोबत आम्ही दोघं. आई 70 वर्षांची, एसटीत बसली की मळमळतं. आप्पांचे गुडघे दुखतात. एजंट म्हणतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला बाल्कनीची केबिन आहे, ‘व्ह्यू एक नंबर’. त्याच पैशांत मधल्या भागात, खालच्या मजल्यावर खिडकीच्या दोन केबिन मिळतात. शिवाय ‘गॅरंटी’ नावाचं एक स्वस्त तिकीटही आहे. काय करावं?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, खिडकीच्या त्या दोन केबिन घ्या. बाल्कनीचा मोह सोडा.

शिरपूरकडच्या माणसाला हे बैलगाडीवरून पटकन कळेल. बैल सोडलेल्या गाडीचं जू खाली दाबलं की मागची बाजू वर उचलते, जू वर केलं की मागचं खाली जातं. चाकांच्या आसाजवळ बसलेल्याला मात्र फारसं काही जाणवत नाही. लाटांवर जहाजाचं तसंच होतं. पुढचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं आणि जितकं उंच जावं तितके बाजूचे हेलकावे मोठे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, ते बाजूचं डोलणं कमी करतात; पण पुढचं टोक उचलून आपटतं त्याला त्यांचा इलाज नाही. म्हणजे एजंटनं आईंसाठी नेमकी सगळ्यात जास्त हलणारी जागा काढली आहे.

मी अमळनेरचा. 11 वर्षं प्रवासी जहाजांवर केबिन लावायचं काम केलं. एवढं माहीत असून माझ्या मायला घेऊन गेलो तेव्हा उशिरा बुकिंग केलं आणि पुढच्या टोकाची केबिन पदरी पडली. पहिल्याच रात्री माय भिंतीला धरून बसली, “माले मळमळस” एवढंच म्हणत. केबिन बदलून मागितली, पण जहाज भरलेलं. शेवटी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध असलेल्या लॉबीतल्या सोफ्यावर तिला नेऊन बसवलं. अर्ध्या तासात तिनं लिंबूपाणी मागितलं. जहाज तेच, लाटा त्याच. पुढचे दोन दिवस तिचा मुक्काम त्या सोफ्यावर, आणि पैसे भरलेली केबिन रिकामी. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी आधी जागा विचारतो, खिडकी-बाल्कनीचं नंतर.

अगदी मागचं टोकही नको. तिथं जहाज पुढं ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांची (प्रोपेलरची) थरथर येते, टेबलावरचा स्टीलचा पेला रात्रभर टरटर वाजतो.

आता नंबर पक्का करण्याआधी एजंटकडून मजल्यांचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन मागा. तुमचा मजला बघाच, पण त्याच्या वरचा आणि खालचाही बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर ती केबिन सोडा. पहाटे पाचला आम्ही डेक धुवायचो आणि खुर्च्या ओढत रांगेत लावायचो. खाली झोपलेल्याला ते डोक्यावर ओढल्यासारखं ऐकू येतं. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. वर केबिन, खाली केबिन, अशी मधली घ्या. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही विचारा. नाहीतर समुद्राऐवजी नारिंगी होडी बघत बसावं लागेल.

आप्पांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण अगदी समोर नको, तिथं रात्री लोकांची बोलणी चालतात. तीन-चार दारं सोडून घ्या. जहाजातले बोळ लांबच लांब असतात. दिवसातून चार वेळा जेवणाखाण्याला जा-ये केली की गुडघे बोलायला लागतात. बऱ्याच केबिनमध्ये बाथरूमला उंच उंबरा असतो. रात्री तिथला दिवा चालूच ठेवा आणि पहिल्याच दिवशी आप्पांना तो उंबरा हात धरून दाखवा. तुमच्या दोन केबिनना मधून दार असेल तर उत्तम, रात्री आईंनी हाक मारली तर ऐकू येईल. पण पलीकडे अनोळखी कुटुंब असेल तर असलं दार नको, आवाज आरपार येतो.

‘गॅरंटी’ तिकिटात केबिनचा प्रकार ठरलेला असतो, नंबर कंपनी देते. ती कुठंही निघू शकते. तरण्या पोरांनी घ्यावं, तुम्ही नको.

डावी बाजू की उजवी, यासाठी जादा पैसे देऊ नका. मुंबईहून दक्षिणेला जाताना उजवीकडे पश्चिम, म्हणजे मावळता सूर्य त्या अंगाला; परतताना तो डाव्या अंगाला येतो.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, डिसेंबर ते फेब्रुवारीतली तारीख धरा. मळमळीची गोळी आईंच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि जहाज सुटण्याआधी. त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. मन कसंसं व्हायला लागलं तर आईंना केबिनमधून बाहेर काढा. मधल्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर न्या, दूरवर पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेघेकडे बघायला सांगा.

एजंटनं नंबर दिले की पैसे भरण्याआधी ते आणि डेक प्लॅन मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. वर-खाली काय आहे ते बघून लगेच कळवतो.